ग्वाल्हेरहून खामबाबा: एक खांब नीट कसा बघावा

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तिथे जेमतेम सात मिनिटं होतो. मे महिना, दुपारचा एक, बरोबर सासूबाई आणि दोन कंटाळलेली मुलं. ऑटोतून उतरलो, मान वर करून खांबाकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "एवढंच?" सासूबाई म्हणाल्या, "चला गं, ऊन मी म्हणतंय." एक फोटो काढला आणि सांचीच्या रस्त्याला लागलो. घरी येऊन फोटो बघितला तर त्यात खांबापेक्षा आमच्या टोप्याच जास्त.

त्यानंतर चार वेळा गेले. दोनदा नुसती त्या खांबासाठी. आता पुण्या-नागपूरचे पाहुणे किल्ला बघून झाला की विचारतात, "अजून काय आहे तुमच्याकडे?" तेव्हा मी त्यांना विदिशेच्या गाडीत बसवते. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे एकदाचं लिहून काढतेय.

खांब कोणता? विदिशेजवळ बेसनगरला, बेतवा आणि बेस या नद्यांच्या संगमाजवळ, एका चौथऱ्यावर एक दगडी खांब उभा आहे. वय साधारण २१०० वर्षं. इसवी सनापूर्वी ११३ च्या आसपासचा धरतात. पुस्तकांत त्याला हेलिओडोरसचा स्तंभ म्हणतात. गावात तो खामबाबा. आणि आपल्या भाषेत सांगायचं तर तो गरुडखांब आहे. पंढरपूरला दर्शनाच्या रांगेत आपण ज्याला मिठी मारतो, त्याच घराण्यातला, फार फार जुना. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून गेलात तर "एवढंच?" हा प्रश्न पडत नाही.

आधी गुजरी महाल

ग्वाल्हेरचे असाल किंवा ग्वाल्हेरला उतरला असाल, तर विदिशेची गाडी पकडण्याआधी एक सकाळ गुजरी महालाला द्या. किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, राजा मानसिंह तोमरानं मृगनयनीसाठी बांधलेला. आत संग्रहालय आहे. लोक तिथे ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे एका बाईची दगडी मूर्ती, बघायला जातात, आणि बघावीच. पण तुम्ही त्याबरोबर खांबांची शीर्षं शोधा. पवायाचं, म्हणजे जुन्या पद्मावतीचं, ताडाच्या पानांचं शीर्ष तिथे आहे. एखाद्या झाडाचा शेंडा छाटून दगडाचा करून ठेवावा तसं दिसतं. जवळ उभं राहून त्याचा आकार डोळ्यांत भरून घ्या.

का, ते सांगते. जुन्या काळी असा खांब म्हणजे अर्धी गोष्ट असायची. खरी खूण त्याच्या डोक्यावर. ताड असेल तर तो बलरामाचा, मगर असेल तर प्रद्युम्नाचा, गरुड असेल तर वासुदेवाचा, असं अभ्यासक मानतात. खामबाबाच्या डोक्यावरचा गरुड आज नाही. उलट्या कमळासारखं, घंटेच्या आकाराचं शीर्ष आहे आणि त्याच्यावर मोकळं आभाळ. गुजरी महालात ताडाचं शीर्ष बघितलेला माणूस विदिशेला मान वर करतो तेव्हा तिथे काय नाही, ते त्याला दिसतं. न बघितलेल्याला नुसता खांब दिसतो.

सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

हे संग्रहालय उभं करण्यात मोरेश्वर बळवंत गर्दे यांचा मोठा हात होता. शिंदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतून भाषा जपली, गणपती जपला, श्रीखंडाची वाटी जपली, पण गर्द्यांचं नाव आमच्या पिढीतल्या कितीजणांना ठाऊक आहे, देव जाणे. मलाही लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.

गाडी

ग्वाल्हेर ते विदिशा रेल्वेनं साधारण ३३५ किलोमीटर. झाशी, ललितपूर, बीना, गंजबासोदा आणि मग विदिशा. गाडीप्रमाणे साडेचार ते सहा तास धरा. इथे नवे लोक हटकून एक चूक करतात: भोपाळला जाणारी कुठलीही गाडी विदिशेवरूनच जाते, म्हणून कुठल्याही गाडीचं तिकीट काढतात. बऱ्याच वेगवान गाड्या विदिशेला थांबत नाहीत. आमच्या एका पाहुण्यांनी खिडकीतून विदिशेची पाटी वाचली आणि मग थेट भोपाळला उतरून ५५ किलोमीटर उलटे आले. तिकीट काढताना थांबा बघा, मगच वेळ बघा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या धुक्यानं रखडतात. दोन तास उशीर म्हणजे तेव्हा वेळेवरच म्हणायचं. त्यामुळे सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे पंधरा-वीस आणि मग फेब्रुवारी. फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना गहू हिरवागार असतो. मे-जूनचं मी वर सांगितलंच. पावसाळ्यात बेतवा भरते, रस्त्यांचा भरवसा नाही.

डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी घ्या. बीनाला गाडी बराच वेळ उभी असते, तिथे चहा मिळतो. बाकी वाटेत खाण्यासारखं माझ्या मते काही नाही. गंजबासोदा आलं की खिडकीतून बाहेर बघा. हा सगळा वाळूच्या दगडाचा मुलूख. इथली फरशी आपल्या कितीतरी घरांच्या अंगणात आहे. खांबाचा दगडही वाळूचाच. तेव्हा विदिशेच्या अलीकडेच तुमची दगडाशी ओळख झालेली असते.

स्टेशनवर उतरलात की ऑटोवाल्याला "हेलिओडोरस" म्हणू नका. आमच्या ह्यांनी पहिल्या वेळी अगदी स्पष्ट उच्चार करून तीनदा सांगितलं. ऑटोवाला दर वेळी अधिक काळजीनं त्यांच्याकडे बघत होता. शेवटी शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "अरे, खामबाबा जाना है क्या?" झालं, दोन मिनिटांत निघालो. शहरापासून चारेक किलोमीटर. जाण्या-येण्याचं आणि तिथे थांबण्याचं असं एकत्रच ठरवा, आणि थांबणं दीड तासाचं, हे आधीच स्पष्ट सांगा. तो म्हणेल, "वहाँ दस मिनिट बहुत हैं." त्याचं बरोबर आहे, बहुतेक सवाऱ्यांना पुरतात. तुम्ही दीड तासावर ठाम राहा.

वेळ कोणती? सूर्य तिरका असताना. सकाळी उगवल्यापासून तासाभरात, नाहीतर मावळायच्या आधीचा तास. हे नुसतं फोटोसाठी नाही. अक्षरं उथळ कोरलेली आहेत, वरून पडणाऱ्या उन्हात ती दगडात विरघळून जातात. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेला सावली फुटते आणि खांब बोलायला लागतो.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

मोबाईल पर्समध्ये ठेवा. आधी खांबाला लांबून एक फेरी मारा.

चौथऱ्याच्या वर खांब साधारण १८ फूट आहे. अशोकाच्या खांबांसारखी आरशासारखी झिलई याला नाही, आणि तो सरसकट गोलही नाही. खालपासून वर डोळा नेत पैलू मोजा. बुडाचा भाग अष्टकोनी. त्याच्या वर सोळा पैलू. आणखी वर बत्तीस. आणि सगळ्यात वर गोल. मधे फुलांच्या माळांची आणि पक्ष्यांची नक्षीची पट्टी आहे, ती मान वर करून शोधावी लागते.

हे आठ, सोळा, बत्तीस बघून मला आमच्या दौलतगंजातला सुतार आठवला. लाटण्यासाठी चौकोनी लाकूड घेतलं की तो आधी चार कडा छाटून आठ पैलू काढायचा, मग त्या आठांच्या कडा छाटून सोळा, आणि मग कानस फिरवून गोल. दर वेळी कोपरा छाटला की पैलू दुप्पट. खामबाबाच्या अंगावर ही सगळी कृती पायरीपायरीनं जणू मांडून ठेवली आहे: खाली सुरुवात, वर शेवट. त्या कारागिराच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही, पण लाटणं ज्यानं बनताना बघितलंय त्याला हा खांब लवकर कळतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना पैलू मोजायला लावा. माझा धाकटा तिसऱ्या खेपेला बत्तीस मोजताना चार वेळा चुकला आणि त्यात पाऊण तास गेला. तक्रार शून्य.

मग खांबाच्या भोवतालची जमीन बघा. खांब एकटा वाटतो, पण तो एकटा नव्हता. १९१३ ते १९१५ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी इथे खोदलं, आणि खांब ज्या दगडांवर बसवला आहे त्यांच्याशी घट्ट करायला लोखंडाच्या पाचरी ठोकलेल्या त्यांना सापडल्या. पुढे १९६३ ते १९६५ मध्ये पुरातत्त्वज्ञ खरे यांच्या देखरेखीखाली पुन्हा उत्खनन झालं. तेव्हा खाली खांबाहूनही जुन्या, लंबगोल आकाराच्या देवळाचा पाया मिळाला, आणि ओळीत आणखी खांबांच्या जागा मिळाल्या. म्हणजे हे वासुदेवाचं देऊळ आणि त्याच्या समोर खांबांची रांग. देऊळ पुरात गेलं. रांगेतला एक उरला.

भांडारकर आणि गर्दे. आपली ही दोन आडनावं मी पाहुण्यांना मुद्दाम ऐकवते.

शेंदूर

या खांबाची सगळ्यात मजेची गोष्ट ही की तो कधी हरवला नव्हता. जंगलात सापडला, मातीखालून निघाला, असं काही नाही. तो उभाच होता आणि लोक त्याला पुजत होते. १८७७ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे आले तेव्हा खांबावर शेंदराचे थरावर थर चढले होते. खाली लेख असेल तर तो त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी आकारावरून अंदाज बांधला आणि खांब गुप्तकाळातला ठरवला. अंदाज पाचेकशे वर्षांनी चुकला.

मग १९०९ च्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानातल्या लेक नावाच्या इंजिनिअरला शेंदराखाली अक्षरं असल्यासारखं वाटलं. त्या काळी विदिशेचं नाव भेलसा आणि भेलसा आपल्या शिंदे संस्थानात. शेंदूर काढला गेला, आणि खाली एक ग्रीक माणूस निघाला.

आमच्याकडे घरोघरी शेंदूर लावलेला एखादा दगड असतोच: वेशीवरचा मारुती, शेताच्या बांधावरचा म्हसोबा. पुतळा कुठला, लेख कुठला, कोणी विचारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी अशा दगडासमोर हात जोडताना मनात एक शंका यायला हरकत नाही.

अक्षरं

आता जवळ जा. लेख बुडाच्या अष्टकोनी भागावर, डोळ्यांच्या टप्प्यात आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. घाबरू नका, तुम्हाला सगळा लेख वाचायचा नाही. तीन अक्षरं ओळखायची आहेत. ही घरीच वहीत चार वेळा काढून बघा.

पहिलं "व". एक वाटोळं, आणि त्याच्या डोक्यावर एक उभी दांडी. देठासकट उलटं न करता ठेवलेलं डाळिंब म्हणा.

दुसरं "क". साधी बेरजेची खूण.

तिसरं "न". जमिनीवर आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध उभी खुंटी.

लेखाची सुरुवात आहे "देवदेवस वासुदेवस गरुडध्वजे". देवांचा देव जो वासुदेव, त्याचा हा गरुडध्वज. पहिल्याच दोन शब्दांत "व" चार वेळा येतो. पहिल्या ओळीवर डावीकडून नजर फिरवा आणि ती चार डाळिंबं शोधा. काही अक्षरं झिजली आहेत, एकदम सापडणार नाहीत. मला पहिल्यांदा तीनच सापडली होती आणि चौथ्यासाठी मी खांबाशी इतकी वाकले की चौकीदार उठून आला. त्यानंच बोट दाखवलं, लांबूनच.

चार "व" सापडले की तुम्ही वासुदेवाचं नाव वाचलंत. एकवीसशे वर्षांपूर्वीचं. हे मोबाईलवर माहिती वाचण्यापेक्षा फार वेगळं आहे, ते तिथे गेल्यावरच कळेल.

उरलेल्या लेखाचा अर्थ आधी माहीत करून घ्या. हा ध्वज उभारला हेलिओदोरानं. तो दियाचा, म्हणजे दिओनचा मुलगा, तक्षशिलेचा राहणारा. यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, दूत म्हणून अंतलिकित राजाकडून तो इथल्या काशीपुत्र भागभद्र राजाकडे आला होता, भागभद्राच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी. अंतलिकित म्हणजे ग्रीक नाणी पाडणारा अँटिअल्किडास. आणि या ग्रीक वकिलानं स्वतःला लावून घेतलेलं विशेषण आहे "भागवत". वासुदेवाचा भक्त. "भागवतेन", "यवनदूतेन" अशा शब्दांच्या शेवटी "न" येतो. प्राकृतात तो यवन "योन" होतो. खुंटीचं अक्षर तिथे शोधा. "तखसिलाकेन" म्हणजे तक्षशिलेच्या माणसानं, त्यात बेरजेची खूण आणि खुंटी शेजारीशेजारी आहेत. माझं आवडतं ठिकाण तेच. दगडात गावाचं नाव कोरून ठेवणारा माणूस, बदलीच्या गावी आलेल्या कुठल्याही सरकारी माणसासारखा.

मोठ्या लेखाशिवाय दोन ओळींचा एक छोटा लेखही आहे: अमृताची तीन पावलं नीट चालली तर स्वर्गाला नेतात, दम, त्याग आणि अप्रमाद. अप्रमाद म्हणजे जागं राहणं, गाफील न होणं. हेच तीन शब्द महाभारताच्या स्त्रीपर्वातही येतात. आमच्या ऑटोवाल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "तीसरा वाला मेरे काम का है, मैं नाइट में भी चलाता हूँ."

हात, खडू, टॉर्च

अक्षरांना हात लावू नका. मला माहीत आहे, गरुडखांब म्हटल्यावर मिठीची सवय आहे, पण हा मिठीचा नाही. वाळूचा दगड आहे, कणाकणानं झिजतो, आणि तळहाताचं तेल त्याला सोसत नाही. खडूनं अक्षरं भरणं, पाणी शिंपडणं, पीठ चोळणं, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेणं, यातलं काहीही करू नका. स्मारक संरक्षित आहे आणि हा गुन्हा आहे. चौथऱ्यावर चढून खांबाला टेकून फोटो काढणारे दर वेळी दिसतात. तुम्ही त्यांत नको.

संध्याकाळी उजेड कमी झाला तर मोबाईलचा टॉर्च अक्षरांवर समोरून मारू नका, काही दिसत नाही. टॉर्च दगडाच्या बाजूला धरा, जवळजवळ समांतर, आणि हळूहळू फिरवा. तिरप्या उन्हाचं काम तो करतो. माझ्या मते मी इथे लिहिलेल्यातली सगळ्यात उपयोगी सूचना हीच, आणि ती कुठल्याही शिलालेखाला चालते. गावातल्या वीरगळावरही करून बघा.

साधे फोटो काढायला काही अडचण नाही. तिपाई आणि ड्रोनला मात्र परवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही.

कोणी नारळ किंवा अगरबत्ती घेऊन आलेलं दिसलं तर बाजूला व्हा, त्यांचं होऊ द्या. पर्यटक म्हणून आपण आत्ता आत्ता यायला लागलो, तो बाबा त्यांचा आधीपासून आहे.

उरलेला दिवस

खामबाबापासून उदयगिरीची लेणी चारेक किलोमीटरवर आहेत. तिथे पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात वराहाचं प्रचंड शिल्प आहे; सहाव्यात चंद्रगुप्त दुसरा याच्या काळचा, गुप्त संवत ८२ चा, म्हणजे ४०१-४०२ सालचा लेख आहे. खांबावर तीन अक्षरं शिकून आलात तर इथे एक गंमत होते. लिपी तीच, मधे पाच शतकं गेलेली, आणि अक्षरं इतकी बदललेली की "क" सोडून काही ओळखू येत नाही. त्या बेरजेच्या खुणेलाही आता शेपूट फुटायला लागलेलं.

विदिशेच्या संग्रहालयात बेतवेतून निघालेला कुबेर यक्ष उभा आहे, बारा फुटांच्या घरातला, पोट सुटलेला, अगदी आपल्या लग्नातल्या आचाऱ्यासारखा. तेही सोमवारी बंद.

सांचीबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर ढीगभर माहिती आहे. विदिशेहून दहा किलोमीटर. फक्त पहिल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणाजवळचं एक खोड चुकवू नका. तो अशोकाचा खांब. वरचे तुकडे शेजारी पडलेत, सिंहांचं शीर्ष तिथल्या संग्रहालयात आहे. कोणा स्थानिक जमीनदारानं उसाच्या चरकासाठी तो फोडला, असं सांचीचं काम करणारे इंग्रज पुरातत्त्वज्ञ मार्शल यांनी लिहून ठेवलंय. एका खांबाला शेंदूर मिळाला आणि एकाला चरक. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणजे सोमवार आणि शुक्रवार दोन्ही टाळा, मंगळवार-बुधवार उत्तम.

मुक्काम विदिशेत करा. मी असं करते: दुपारपर्यंत पोहोचायचं, सामान टाकायचं, संध्याकाळी खामबाबा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा खामबाबा, कारण संध्याकाळी जे पैलू अंधारात असतात ते सकाळी उजेडात येतात. मग उदयगिरी, जेवण, संग्रहालय, सांची आणि रात्रीची परतीची गाडी. दोनदा जाणं वेडेपणा वाटेल. संध्याकाळी न सापडलेला चौथा "व" मला सकाळीच सापडला होता.

आणि हौस असेल तर एरण

हे पहिल्याच खेपेला नको. पण खांब आवडला असेल तर पुढची पायरी एरण. बीना आणि गंजबासोदा यांच्या मधे मंडी बामोरा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून किंवा बीनाहून गाडी ठरवून जायचं. सागर जिल्ह्यातलं हे गाव बीना नदीच्या वळणात आहे, तीन बाजूंनी पाणी. दुकान नाही, सावली कमी, पाणी आणि डबा बरोबर हवाच. पावसाळ्यात जाऊ नका. बायका एकट्यादुकट्या असाल तर ड्रायव्हर ओळखीतला घ्या, मीही तसाच घेते.

तिथला खांब ४३ फूट. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याच्यावर घंटेसारखं शीर्ष, मग पाठीला पाठ लावून बसलेले सिंह. आणि सगळ्यात वर, खामबाबाला जे उरलेलं नाही ते: एक उभी आकृती, जिला दोन तोंडं आहेत, एक पुढे बघणारं आणि एक मागे. कोणी तिला गरुड म्हणतं. डोक्यामागे चक्र. शेजारी अकरा फुटी वराह, अंगभर कोरलेले ऋषी, आणि गळ्याखाली हूण राजा तोरमाणाच्या पहिल्या वर्षाचा लेख. जवळच ५१० सालचा आणखी एक छोटा खांब आहे, गोपराज नावाच्या सरदाराचा. तो लढाईत पडला आणि त्याची बायको चितेवर गेली, असं त्यावर कोरलेलं आहे. सतीचा इतका जुना कोरीव उल्लेख दुसरा फारसा नाही. तिचं नाव मात्र त्यात नाही. तिथे मी फोटो काढत नाही.

मोठ्या खांबाकडे परत या. तो मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी जनार्दनासाठी उभारला, बुधगुप्ताच्या राज्यात. लेखात तारीख आहे: गुप्त संवत १६५, म्हणजे ४८४ साल. "आषाढमासशुक्लद्वादश्यां सुरगुरोर्दिवसे". आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. भारतातल्या लेखांत वाराचं नाव तिथीसकट येतं ते इथे पहिल्यांदा.

आषाढ शुद्ध द्वादशी. मी ते वाचलं तेव्हा घरी सासूबाईंना फोन लावला. त्यांचा मे महिन्यातला राग अजून पुरता गेला नव्हता. सांगितलं, की इथे एक विष्णूचा खांब आहे आणि तो बरोबर आषाढीच्या दुसऱ्या दिवशी उभारलाय, पंधराशे वर्षांपूर्वी. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पारण्याच्या दिवशी. मग त्यांनी त्या दिवशी जेवायला काय केलं असेल गं?"